जायबंदी माणसाचा वकील

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एक छोटा अंतरिम आदेश दिला. मोटार अपघातातील नुकसानभरपाईचा अर्ज केवळ सहा महिन्यांची मुदत उलटली एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असे देशभरातील न्यायाधिकरणांना त्या आदेशाने सांगितले. आदेश अंतरिम होता आणि मूळ वाद त्या वेळी अनिर्णीत होता. तरीही तो आला कसा आणि कोणामुळे आला, याचा विचार आपल्या वाचकांनी करावा असे आम्हांला वाटते.

या मुदतीचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती; सबळ कारण दाखवल्यास ती बारा महिन्यांपर्यंत वाढवता येत असे. अपघातग्रस्तांच्या अडचणी ध्यानात घेऊन १९९४ साली संसदेने ही अट पूर्णपणे काढून टाकली. पंचवीस वर्षे गेली. २०१९ च्या दुरुस्तीने तीच सहा महिन्यांची अट पुन्हा कायद्यात शिरली आणि १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या वेळी उशीर माफ करण्याची तरतूदही तिच्यासोबत नव्हती. ज्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला आहे, ज्याचे पहिले चार महिने इस्पितळात आणि पुढचे दोन घरच्या खाटेवर गेले आहेत, ज्याची पत्नी दागिने गहाण टाकून औषधांची बिले भागवीत आहे, त्याने त्याच काळात वकील शोधून, कागद जमवून न्यायाधिकरणाची पायरी चढावी, अशी या कायद्याची अपेक्षा होती. तिला आव्हान दिले गेले ते न्यायालयात. असे काम करणारा वकीलवर्ग आपल्याकडे आहे, पण त्याच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. बोललोच तर बहुधा तुच्छतेने बोलतो.

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग वसई आणि पालघर तालुक्यांतून जातो. त्याच्या आसपास राहणाऱ्यांना अपघात म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष या रस्त्याकडे गेले. त्याच गाडीतील इतर दोघे गंभीर जखमी झाले होते, हे किती जणांना आठवते? अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा मथळ्यात येतो आणि जखमींचा शेवटच्या ओळीत. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांसाठी प्रार्थना होते, मासिक स्मरण होते. जखमी मात्र घरी परततात आणि मग त्यांचा खरा काळ सुरू होतो.

अशा माणसाचा वकील नेमके करतो काय? सर्वसाधारण समज असा आहे की तो एक छापील अर्ज भरतो, तारखा घेतो आणि शेवटी विमा कंपनीशी तडजोड करून आपला वाटा उचलतो. असेही वकील आहेत, हे आम्ही नाकारत नाही. चांगल्या वकिलाचे काम मात्र फार वेगळे असते आणि त्यासाठी एक उदाहरण घेणे बरे.

समजा, तीस वर्षांचा एक टेम्पोचालक आहे. महिन्याला वीस हजार रुपये मिळवतो. अपघातात त्याचा डावा हात कापावा लागला. सरकारी इस्पितळातील डॉक्टरांनी साठ टक्के अपंगत्वाचा दाखला दिला. विमा कंपनीचा वकील म्हणतो, दाखल्यात साठ टक्के आहे, तर कमाईचे नुकसानही साठ टक्केच धरा. वरवर पाहता हे रास्त वाटते. पण एका हाताने टेम्पो कोण चालवू देईल? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या एका निकालात हाच प्रश्न उलगडून दाखवला. शरीराचे अपंगत्व किती आणि कमावण्याची शक्ती किती गेली, हे दोन निराळे प्रश्न आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले. तोच डावा हात गमावलेला माणूस सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते. सरकारी कचेरीत कारकून असेल आणि नोकरी टिकली तर कदाचित काहीच बुडणार नाही. मग त्याला कमाईपोटी फारसे मिळणार नाही, पण वेदना आणि गमावलेले सुख यांपोटी अधिक मिळेल.

आता हिशेब पाहा. वीस हजार महिन्याला म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये. २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवून दिल्याप्रमाणे स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे. म्हणजे ३,३६,००० झाले. ही वाढ कायमचे अपंगत्व आलेल्या जखमींनाही द्यायची, हे २०२० साली पुन्हा स्पष्ट झाले. सव्वीस ते तीस या वयोगटासाठी २००९ च्या निकालातील तक्त्यानुसार १७ ने गुणायचे. कमाई शंभर टक्के बुडाली असे सिद्ध झाले तर रक्कम होते ५७,१२,००० रुपये. साठ टक्केच मानली तर ३४,२७,२००. दोहोंमधील फरक जवळजवळ तेवीस लाखांचा! हा फरक कोणत्याही कलमात लिहिलेला नाही. डॉक्टरांना साक्षीसाठी बोलावणे, त्यांच्याकडून हा हात आता काय करू शकत नाही ते वदवून घेणे, टेम्पोच्या मालकाला न्यायाधिकरणापुढे उभे करणे, वीस हजार खरोखर मिळत होते हे पासबुकावरून किंवा हिशेबाच्या वहीवरून दाखवणे आणि उलटतपासणीत साक्षीदार डगमगू नये म्हणून त्याला आधी धीर देणे, यांतून तो निर्माण होतो. वकिलाने हे केले नाही, तर न्यायाधीश कितीही सहृदय असला तरी कागदावर नसलेले त्याला देता येत नाही.

विमा कंपनीच्या बाजूनेही युक्तिवाद असतात आणि ते नेहमीच खोटे असतात असे नाही. चालकाचा परवाना बनावट होता, जखमीची स्वतःचीही चूक होती, परमिट नव्हते, अशा सबबी पुढे येतात. परवान्याच्या बाबतीत २००४ च्या एका महत्त्वाच्या निकालाने मार्ग मोकळा केला: अनेक प्रकरणांत कंपनीने जखमीला आधी रक्कम द्यावी आणि मग वाहनमालकाकडून वसूल करावी. पण आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. मालवाहू वाहनात माणसे बसवून नेली आणि अपघात झाला, तर अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले. वऱ्हाड टेम्पोत घालून नेणे किंवा यात्रेला ट्रकच्या हौद्यात बसून जाणे हा प्रकार आपल्याकडे अजून पूर्णपणे थांबलेला नाही. अशा जखमींचा वकील कितीही हुशार असो, त्याची वाट बिकटच असते.

२०२० च्या फेब्रुवारीतील एका निकालाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बारा वर्षांची एक मुलगी २००७ साली आईवडिलांसह ट्रॅक्टरवरून जात होती. ट्रकने धडक दिली. मुलीच्या मेंदूला इतका गंभीर मार बसला की तिचे शरीर वाढत गेले, पण समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणाने सुमारे अकरा लाख रुपये दिले, उच्च न्यायालयाने ती रक्कम २५ लाख ७८ हजारांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या पीठाने ६२ लाख २७ हजार रुपये मंजूर केले. आकड्यापेक्षा त्यामागचा विचार मोलाचा आहे. या मुलीला आयुष्यभर कोणीतरी भरवावे, न्हाऊ घालावे, कुशीवर वळवावे लागणार. हे काम एकच माणूस चोवीस तास करू शकत नाही, म्हणून न्यायालयाने दोन सेविकांचा खर्च धरला, प्रत्येकी पाच हजार महिना, आणि त्याला १८ ने गुणले; २१ लाख ६० हजार रुपये केवळ सांभाळासाठी झाले. विवाहाची संधी हिरावली गेल्याबद्दल तीन लाख आणि वेदना व गमावलेले सुख यांसाठी पंधरा लाख निराळे.

पाच हजारांत सेविका कुठे मिळते, असे कोणी विचारील आणि तो प्रश्न योग्यच आहे. तरीही आईने केलेली शुश्रूषा फुकट धरायची नाही, तिला मोल आहे, हे येथे मान्य झाले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा आणि न्यायमूर्ती सूर्य कांत यांच्या समावेशाच्या पीठाने अपघातात बळी पडलेल्या गृहिणीच्या घरकामाचेही उत्पन्न मोजले पाहिजे, हे ठामपणे सांगितले. आपल्या घरातील स्त्री काहीच कमवत नव्हती, असे अर्जात लिहून देणारे नातेवाईक आजही भेटतात!

आपल्या कायद्याने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीत त्याला नाव दिले आहे ते शुभवर्तमानातील शोमरोन्याचे, 'गुड समॅरिटन'. हे नाव ऐकून आपल्याला समाधान वाटते. पण त्या दाखल्यात एक तपशील आहे, जो प्रवचनांतही कधी कधी सुटतो. शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला उतारशाळेत नेले, दोन दिनार दिले आणि याहून अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे उतारशाळेच्या मालकाला सांगितले. पुढच्या खर्चाची हमी त्याने घेतली. न्यायाधिकरणापुढे 'भविष्यातील वैद्यकीय खर्च' या मथळ्याखाली वकील जे मागतो, ते हेच होय.

आता या व्यवसायाच्या अप्रिय बाजूकडे वळले पाहिजे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे वकिलाला निषिद्ध आहे. जाहिरात करणे, गिऱ्हाईक शोधत फिरणे यालाही मनाई आहे. प्रत्यक्षात अपघातविभागाच्या दारात दलाल उभे असतात, कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा घेतला जातो आणि टक्केवारी तोंडी ठरते, ही गोष्ट न्यायालयांच्या आवारात कोणाला नवी नाही. उत्तर प्रदेशात तर अपघातच न झालेल्या खोट्या दाव्यांचा एवढा सुळसुळाट झाला की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावे लागले आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने तेथील बार कौन्सिलला खडसावले. अशा प्रत्येक खोट्या दाव्यामुळे खऱ्या जखमीकडे संशयाने पाहिले जाते.

अमेरिकेत हीच टक्केवारी उघडपणे चालते. खटला जिंकला तर वकील साधारण एक तृतीयांश घेतो, हरला तर फी नाही. गरीब माणसालाही नामांकित वकील मिळतो तो यामुळेच, असे त्या पद्धतीचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आपल्याला त्या पद्धतीचे दर्शन घडले ते १९८४ च्या डिसेंबरात, भोपाळच्या वायुगळतीनंतर. मेल्व्हिन बेली यांच्यासारखे गाजलेले अमेरिकन वकील भोपाळला येऊन थडकले. त्या दृश्याची किळस येऊन असेल किंवा अन्य कारणाने असेल, संसदेने १९८५ साली कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा हक्क केंद्र सरकारकडे घेतला. १९८६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने प्रकरण भारतात पाठवले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे जळली होती त्यांना ती तडजोड मान्य आहे की नाही, हे आधी कोणी विचारले नाही. लोभी वकिलापासून जखमीला वाचवायला जावे आणि त्याचा स्वतःचा आवाजच काढून घ्यावा, हा उपाय आम्हांला रोगाहून फारसा बरा वाटत नाही. टक्केवारीवर नुसती बंदी घालून ती थांबलेली नाही, ती अंधारात गेली आहे. न्यायाधिकरणाच्या देखरेखीखाली, लेखी आणि मर्यादित अशी फी ठरवण्याची सोय असावी, असे आमचे मत आहे. जाणकारांचा याला विरोध असू शकतो.

निकाल लागला म्हणजे वकिलाचे काम संपले, असेही नाही. २०२५ च्या एप्रिल महिन्यात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाने एका वेगळ्याच दुखण्यावर बोट ठेवले. गुजरातमधील एका निवृत्त न्यायाधीशांनी कळवले होते की न्यायाधिकरणांत आणि कामगार न्यायालयांत भरपाईच्या मोठमोठ्या रकमा कोणीही न नेता पडून आहेत. चौकशी केली तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून शेकडो कोटी रुपये तसेच पडून असल्याचे दिसले. जिंकलेल्या माणसाला आपण जिंकलो हेच कळले नव्हते! खटला दहा वर्षे चालला, कुटुंब भाड्याची खोली सोडून गेले, वकील वारला किंवा त्याने कळवले नाही, कंपनीने रक्कम भरली आणि ती तिथेच राहिली. अर्जासोबतच दावेदाराचा पत्ता, आधार आणि बँक खात्याचा तपशील घ्यावा आणि रक्कम थेट खात्यात जावी, अशा सूचना त्यानंतर देण्यात आल्या. न्यायमूर्ती ओक यांनी वकिलीची सुरुवात ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आपल्या वडिलांच्या कार्यालयात केली होती, हे येथे नमूद करावेसे वाटते. तेव्हा आपली वसई त्याच जिल्ह्यात होती. खालच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळणारा पक्षकार ज्याने पाहिला आहे, त्याला असे प्रश्न सुचतात.

याच्या उलट टोकाचाही धोका आहे. एकरकमी तीस लाख घरात आले की दूरचे भाऊबंद जवळ येतात. जमीन घ्या, गाडी घ्या, अमुक योजनेत गुंतवा, असे सल्ले सुरू होतात आणि पाच वर्षांनी जायबंदी माणूस पुन्हा रिकामा. म्हणूनच १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने अज्ञान मुलांची आणि अशिक्षित दावेदारांची रक्कम दीर्घ मुदतीच्या ठेवीत ठेवावी, तिच्यावर कर्ज देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चांगला वकील ही ठेव मोडून देण्यासाठी अर्ज करण्याआधी अशिलाला चार प्रश्न विचारतो.

आपल्या समाजात वकील पुष्कळ आहेत. जमिनीच्या कामात, सातबाराच्या वादांत, बांधकाम व्यावसायिकांच्या करारांत त्यांना मान आहे आणि पैसाही आहे. अपघाताच्या दाव्यांकडे मात्र तरुण वकील पहिली दोन वर्षे हात बसवण्यासाठी वळतात आणि संधी मिळताच बाहेर पडतात. कारणे उघड आहेत. फी निकालानंतर येते आणि निकाल वर्षानुवर्षे येत नाही. शरीरशास्त्राचा अभ्यास करावा लागतो, कारण मणक्याच्या कोणत्या भागाला इजा झाली म्हणजे कोणता अवयव निकामी होतो हे ठाऊक नसलेला वकील अस्थिरोगतज्ज्ञाची उलटतपासणी करू शकत नाही. शिवाय रोज दुसऱ्याच्या वेदनेचा हिशेब मांडणे सोपे नसते. जे टिकतात ते पंधरा-वीस वर्षांनी या विषयाचे खरे जाणकार होतात, आणि त्यांची नावे कोणत्याही सत्कार समारंभात येत नाहीत. आपल्या धर्मग्रामांतून कायदा शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना या वाटेची माहिती तरी कोणी द्यावी, ही आमची विनंती आहे.

तोवर, ज्यांच्या घरी असा प्रसंग ओढवला आहे त्यांच्यासाठी काही गोष्टी. अपघात राजस्थानात झाला असला तरी दावा आपण राहतो त्या भागातील न्यायाधिकरणात करता येतो. स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अज्ञात वाहनाने धडक दिली असेल तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये देण्याची सरकारी योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता नियुक्त इस्पितळांत मिळण्याची तरतूद झाली. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. तो गेला की नाही याची विचारणा करण्याचा हक्क कुटुंबाला आहे. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक औषधाचे बिल आणि इस्पितळात येण्याजाण्याच्या रिक्षाचा खर्चसुद्धा एका पिशवीत जपून ठेवावा. आणि अंतरिम आदेशावर विसंबून न राहता सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा.